संदर्भ हवा

२००० सालच्या जुलैमध्ये न्युपीडिया नावाच्या एका नव्या, इंटरनेटवरच्या ज्ञानकोशाने आपला पहिला लेख प्रसिद्ध केला. विषय होता 'अटोनॅलिटी' आणि लेखक होते क्रिस्टोफ हुस्ट हे जर्मन संगीतशास्त्रज्ञ. आपल्या कानांच्या भाषेत सांगायचं तर ज्या संगीतात 'सा'च नाही, बाराही स्वर सारख्या मानाचे आणि कुणी कुणाकडे परतायला बांधील नाही, अशा संगीताविषयीचा हा लेख. जगातले सगळे विषय सोडून सुरुवातीला हाच का आला, याला काही खास कारण नसावं. तो आधी तयार झाला, इतकंच. पण पुढच्या पंचवीस वर्षांत संगीताच्या लेखांवर जे काही रामायण झालं ते पाहता ही सलामी मला फार शोभून दिसते. षड्ज कुणी लावून द्यायचा, हे तेव्हा ठरलेलं नव्हतंच.

न्युपीडियाची शिस्त कडक होती. पैसा आणि कल्पना जिमी वेल्स यांची, संपादकाची खुर्ची लॅरी सँगर यांच्याकडे. लेखक विषयातला जाणकार हवा आणि लेखाने सात चाळण्या पार करायला हव्यात, असा नियम. कोशपरंपरेत वाढलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ज्ञानकोश असो की वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली निघालेला विश्वकोश (त्याचा पहिला खंड १९७६चा), जाणत्याने लिहावं, जाणत्याने तपासावं, मगच छापावं, हीच रीत. फरक असा की केतकरांनी आणि तर्कतीर्थांनी आपले गाडे चिकाटीने पुढे रेटले. न्युपीडियाचा गाडा पहिल्या वर्षात एकवीस लेखांवरच रुतला.

मग १५ जानेवारी २००१ला बाजूला एक कच्चं अंगण मोकळं करून देण्यात आलं. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५मध्ये 'विकी' नावाची युक्ती काढली होती. हवाई बेटांवरच्या भाषेत विकी म्हणजे लवकर. पान कुणीही उघडावं, कुणीही बदलावं, अशी ती सोय. लेख इथे कच्चे लिहायचे आणि पक्के झाले की आतल्या ओसरीवर न्यायचे, असा बेत होता. अंगणात पहिल्याच महिन्यात दोनशे लेख झाले, वर्षभरात अठरा हजार. ओसरी २००३मध्ये बंद झाली. अंगणालाच विकिपीडिया म्हणतात.

या अंगणात संगीतावर लिहायला जे आले, ते संगीतशास्त्रज्ञ नव्हते. ते चाहते होते. ही गोष्ट मला या सगळ्या वाटचालीत सगळ्यात महत्त्वाची वाटते. आवडत्या बँडच्या प्रत्येक अल्बमची गाणी क्रमाने, मिनिटं-सेकंदांसह पाठ असलेली कॉलेजातली मुलं, जुन्या रेकॉर्डींची खोकी जपणारे निवृत्त लोक, ऑपेराच्या प्रत्येक प्रयोगाची तिकिटं राखून ठेवणारे वेडे. पगार नाही, लेखाखाली नाव नाही. पहिल्या काही वर्षांत अशा लोकांनी टोळ्या बांधल्या. अल्बमांची एक, गाण्यांची एक, संगीतकारांची, ऑपेराची, बीटल्सची स्वतंत्र. विकिपीडियाच्या बोलीत याला 'विकिप्रकल्प' म्हणतात. प्रकल्प म्हटलं की आपल्याला धरण किंवा वीजकेंद्र आठवतं, पण इथे प्रकल्प म्हणजे एक पान. त्यावर कामाची यादी, सभासदांची यादी, आणि मुख्य म्हणजे भांडायला एक सामायिक जागा. मराठी विकिपीडियाने अशा सामायिक जागेला 'चावडी' म्हटलं आणि लिहून-खोडून बघायच्या पानाला 'धूळपाटी'. इंग्रजीतले मूळ शब्द त्यापुढे फिके आहेत.

टोळ्यांनी पहिल्यांदा साचे पाडले. अल्बमच्या लेखात उजवीकडे चौकट कशी असावी, तीत मुखपृष्ठ कुठे, ध्वनिमुद्रण कुठल्या स्टुडिओत, निर्माता कोण. मग प्रतवारी लावली. अगदी तोकडा लेख 'स्टब', मग 'स्टार्ट', 'सी', 'बी', त्यावर 'गुड आर्टिकल' आणि सगळ्यात वर 'फीचर्ड आर्टिकल'. या शेवटच्या पायरीचं सुरुवातीचं नाव 'ब्रिलियंट प्रोज' होतं, म्हणजे झळाळतं गद्य. त्या काळी कुणाला एखादा लेख छान वाटला की तो यादीत घालायचा, इतका सोपा मामला. लेख कशाच्या आधारावर लिहिला, हे कुणी फारसं विचारत नसे.

विचारू लागले, ते २००५च्या सुमारास. त्या वर्षी एका ज्येष्ठ अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रात कुणीतरी धादांत खोटं लिहिलं आणि ते महिनोन्महिने तसंच राहिलं. गाजावाजा झाला, नियम आवळले गेले. वर्षाच्या शेवटी वाक्यामागे लगेच तळटीप जोडता येईल अशी तांत्रिक सोयही आली. तिथून पुढे या संस्थेचं ब्रीदवाक्यच बदललं म्हणा ना. चौकोनी कंसातली ती बारीक निळी अक्षरं आता सगळ्यांच्या ओळखीची आहेत. मराठीत ती 'संदर्भ हवा' अशी येतात.

चाहत्यांची खरी शाळा तिथून सुरू झाली. पहिला धडा विशेषणांचा. महान, अजरामर, अद्वितीय, दैवी या शब्दांना विकिपीडियावाले 'मोर' म्हणायचे. पिसारा फुलवतात पण सांगत काही नाहीत, म्हणून. आपल्याला हा धडा जास्तच जड जातो. मराठीत गाण्याविषयी लिहिण्याची रीतच मुळी रसिकाची आहे. स्वरसम्राज्ञी, गानकोकिळा, स्वरभास्कर ही आपली नामं आहेत, विशेषणं नव्हेत. ती काढून टाकली की लेख उघडाबोडका वाटतो. आणि त्याहून बारीक पेच व्याकरणात आहे. आपण बीथोवेनला 'तो' म्हणतो आणि भीमसेनांना 'ते'. मायकेल जॅक्सन 'गायचा', लताबाई 'गायच्या'. तटस्थ राहायचं म्हणजे दोघांना 'तो' करायचं की दोघांना 'ते'? इंग्रजी लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. मराठीत तटस्थपणाची पहिली परीक्षा क्रियापदातच होते.

दुसरा धडा कानाचा, आणि तो सगळ्यात कडवट. विकिपीडियाचा नियम आहे की स्वतःचं संशोधन लेखात घालायचं नाही. अमुक गाणं कुठल्या स्केलमध्ये आहे, हे पेटीवर हात ठेवून दोन मिनिटांत कळतं. पण ते चालत नाही. त्यासाठी प्रकाशित झालेली स्वरलिपी दाखवावी लागते. पॉप गायिकांच्या लेखांत आवाजाचा पल्ला किती सप्तकांचा, यावरून चाहत्यांनी वर्षानुवर्षं रणं माजवली आहेत. अमुक मैफलीत, अमुक मिनिटाला तिने तो स्वर लावलाय, हवं तर ऐकून पाहा, असं म्हणणारा मनुष्य खरं बोलत असतो. तरी त्याचं वाक्य उडवलं जातं, कारण ऐकून पाहणं हा पुरावा नाही. ज्याने आयुष्यभर कानावर विश्वास ठेवला, त्याला हे पचायला वेळ लागतो. काहींना पचत नाही, ते निघून जातात. उरतात त्यांचे उत्तम संपादक होतात.

तिसरा धडा आकड्यांचा. आपल्या घरातलंच उदाहरण घेऊ. लता मंगेशकरांनी १९४८ ते १९७४ या काळात पंचवीस हजारांहून कमी नाहीत इतकी गाणी गायल्याची नोंद गिनेस बुकाने १९७४च्या आवृत्तीत केली. महंमद रफींनी तिला हरकत घेतली, आपला आकडा त्याहून मोठा असल्याचं त्यांचं म्हणणं. १९९१नंतर ती नोंदच बंद झाली. दरम्यान कानपूरचे हरमंदिर सिंह 'हमराज' यांच्यासारखे लोक 'हिंदी फिल्म गीत कोश'चे दशकवार खंड काढत होते. बोलपट सुरू झाल्यापासूनचा एकेक चित्रपट घेऊन त्यातलं प्रत्येक गाणं, गायक, गीतकार, तबकडीचा क्रमांक. अशी एकेक करून मोजदाद करणाऱ्यांचे आकडे पंचवीस हजारांच्या आसपासही फिरकत नव्हते. आता ज्ञानकोशात काय लिहायचं? गिनेस बुक तर जगन्मान्य. विकिपीडियाची पद्धत अशी की आकड्याचा निवाडा आपण द्यायचा नाही. कुणी, कधी, किती म्हटलं आणि त्याला कुणी आक्षेप घेतला, हे लिहायचं. म्हणजे आकडा सांगण्याऐवजी आकड्याचं भांडण सांगायचं. वाचकाला हे कधी कधी बुळचट वाटतं. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. हमराज यांच्यासारख्यांना मी तर या संस्थेचे पूर्वज समजतो. तळटिपांचं सॉफ्टवेअर येण्याच्या कितीतरी आधी ते पोस्टकार्डाच्या आणि चिकाटीच्या जोरावर हेच काम करत होते.

२००९ साल या शाळेच्या परीक्षेचं. मार्चच्या शेवटी 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' आणि 'अ पॅसेज टू इंडिया'चे संगीतकार मॉरिस जार वारले. डब्लिनमधल्या एका विद्यार्थ्याने त्यांच्या लेखात एक सुंदर, हळवं, मृत्यूवरचं वाक्य त्यांच्या तोंडी घातलं. वाक्य त्याने स्वतःच रचलं होतं. पत्रकार कितपत तपासून लिहितात, हे त्याला पाहायचं होतं. विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनी संदर्भ नाही म्हणून ते काढलं. त्याने पुन्हा घातलं. पण तेवढ्या अवधीत ते मोठमोठ्या वृत्तपत्रांच्या मृत्युलेखांत जाऊन बसलं होतं. लंडनच्या 'गार्डियन'ला पुढे चूक दुरुस्त करावी लागली, भारतातल्या काही वृत्तपत्रांतही ते छापून आलं होतं. यातला धोका नीट ध्यानात घ्यायला हवा. विद्यार्थ्याने स्वतः कबुली दिली नसती, तर कुणीतरी त्याच वृत्तपत्राचा हवाला देऊन ते वाक्य लेखात परत आणलं असतं, आणि या वेळी त्याला संदर्भ असता.

तीन महिन्यांनी, २५ जूनला, मायकेल जॅक्सन गेला. त्याचा लेख आदल्याच वर्षी फीचर्ड झालेला, चाहत्यांच्या टोळीने घासूनपुसून लखलखीत केलेला. बातमी फुटली आणि तासाभरात दहा लाखांच्या घरात लोक त्या एका पानावर येऊन धडकले. संपादकांची रस्सीखेच चालली होती की 'आहे'चं 'होता' कधी करायचं. एका बातमीदाराच्या भरवशावर की रुग्णालयाने सांगितल्यावर? पान कुलूपबंद करावं लागलं. इकडे यंत्रांचीही त्रेधा उडाली. पान बदललं की प्रत्येक सर्व्हर ते नव्याने घडवू लागे, आणि एकाच वेळी शेकडो सर्व्हर एकच पान घडवत बसले की सगळंच ठप्प. त्यानंतर यंत्रणेत एक रांग बसवण्यात आली. एकाने पान घडवायचं, बाकीच्यांनी थांबायचं. तंत्रज्ञांच्या बोलण्यात या प्रकाराला जॅक्सनचंच नाव चिकटलं. एखाद्या गायकाच्या जाण्याने ज्ञानकोशाच्या पोटातलं यंत्र बदलावं, हे तसं विरळाच.

बीटल्सच्या टोळीची गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वाक्याच्या मध्ये त्या बँडचं नाव आलं तर त्यातल्या 'द'चं पहिलं अक्षर कॅपिटल लिहायचं की लहान, या प्रश्नावर तिथे वर्षानुवर्षं वाद चालला. शैलीपुस्तकं काढली गेली, चरित्रांची पानं मोजली गेली, चांगली माणसं रागावून निघून गेली. २०१२मध्ये रीतसर मध्यस्थी आणि मतांचा कौल घ्यावा लागला. न्यूयॉर्कच्या 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने त्याची बातमी केली. शेवटी लहान अक्षर जिंकलं. देवनागरीत ही भानगडच नाही, असं म्हणून आपण हसून घ्यावं. पण गायिकेच्या नावामागे 'श्रीमती', 'गानतपस्विनी' की नुसतं नाव, यावर आपण कुठे कमी भांडतो?

दुसऱ्या वर्षी वाद आणखी वरच्या दरबारात गेला. पॉप गायकासाठी बनवलेली ती उजवीकडची चौकट, म्हणजे जॉनर, वाद्य, रेकॉर्ड कंपनी वगैरे रकान्यांची, अभिजात संगीतकारांच्या लेखांतही असावी की नसावी? एक बाजू म्हणे, वाचकाला जन्म-मृत्यू एका नजरेत कळतात, यंत्रांनाही माहिती उचलता येते. दुसरी म्हणे, मोझार्टला रकान्यात कोंबलं की तो सोपा होतो आणि सोपा झाला की खोटा होतो. विकिपीडियाच्या लवाद समितीने २०१३मध्ये निकाल दिला की चौकट सक्तीचीही नाही आणि निषिद्धही नाही, ज्या त्या लेखाच्या चर्चा पानावर सहमतीने ठरवा. म्हणजे वाद मिटला नाही, लेखागणिक वाटून दिला. मोझार्टच्या लेखात चौकट यायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली. जॉनरच्या रकान्याचं तर विचारूच नका. अमुक बँड हेवी मेटल की हार्ड रॉक, यावरून एकेक शब्द दिवसातून दहादा इकडचा तिकडे. घराण्यांवरून होणाऱ्या आपल्या वादांत निदान गायकी तरी असते.

एवढं वाचून कुणाला वाटेल की इथे नुसती भांडणंच होतात. तसं नाही. त्याच काळात, त्याच लोकांपैकी काहींनी योहान सेबास्टियन बाखच्या कॅन्टाटांचं, म्हणजे वाद्यांच्या साथीने गायच्या रचनांचं, काम हाती घेतलं होतं. बाखने लाइपझिगला १७२३पासून चर्चच्या रविवारांसाठी, सणांसाठी कॅन्टाटा रचल्या. हाती आलेल्या अशा रचना दोनशेच्या आसपास. आज इंग्रजी विकिपीडियात त्यांतल्या प्रत्येकीवर स्वतंत्र लेख आहे. कुठल्या रविवारी पहिल्यांदा गायली गेली, बायबलचा कुठला उतारा, किती वाद्यं, कुठल्या भागात एकट्या गळ्याचं गाणं आणि कुठे वृंद, हे सगळं. छापील कोशात इतकी जागा कुणी दिली नसती आणि पगारी संपादकाला इतका वेळ कुणी दिला नसता. कंटाळवाणं काम प्रेमाने करणं ही स्वयंसेवकाची खरी ताकद, आणि ती गाजलेल्या गाण्यांच्या लेखांपेक्षा अशा आडबाजूच्या लेखांत दिसते.

फीचर्डची परीक्षाही एव्हाना पार बदलली होती. आता लेख उमेदवार म्हणून ठेवला की चार-सहा आठवडे अनोळखी माणसं तो कुरतडत बसतात. एक जण पुस्तकं उघडून तळटिपा ताडून पाहतो, दुसरा चित्रांचे परवाने तपासतो, तिसरा लहान रेघ आणि लांब रेघ यांच्यातल्या चुका मोजतो. झळाळत्या गद्याच्या काळात वर चढलेले कितीतरी जुने लेख पुन्हा तपासणीत खाली उतरवले गेले. सत्तर लाख लेखांच्या इंग्रजी विकिपीडियात आज हजारांमागे जेमतेम एक लेख त्या पायरीवर आहे. आणि जसजशी परीक्षा कडक झाली तसतशी माणसं कमी झाली, हेही खरं. इंग्रजीतल्या नियमित संपादकांची संख्या २००७मध्ये कळसाला पोहोचली आणि मग उतरत गेली. कित्येक विकिप्रकल्पांची पानं आज निपचित पडली आहेत. कामाची यादी तशीच, चावडीवर मात्र चिटपाखरू नाही.

संगीताविषयीचा कोश मुका असू नये, ही इच्छा पहिल्यापासूनची. पण आवाज हा कायद्याचा विषय. हक्क शाबूत असलेल्या गाण्याचा नमुना इंग्रजी विकिपीडियात लावायचा तर तीस सेकंद किंवा मूळ लांबीच्या दहा टक्के, यांतलं जे कमी असेल तेवढंच. तीन मिनिटांच्या चित्रपटगीताला यातून अठरा सेकंद मिळतात, मुखडा ओळखू येतो. पण चाळीस मिनिटांच्या ख्यालाला मिळतात तीस सेकंद. किराण्याचा विलंबित एकताल धरला तर तेवढ्यात एक आवर्तनही पुरं होत नाही. समेवर येण्याआधीच नमुना संपतो! हा नियम करणाऱ्यांपुढे तीन मिनिटांचं गाणं होतं, त्यांचा दोष नाही.

लिपीचंही तसंच. २०१३मध्ये लेखातच पाश्चात्त्य स्वरलेखन उमटवण्याची आणि ते वाजवून ऐकण्याची सोय झाली. लिलीपाँड नावाचं सॉफ्टवेअर मागे काम करतं. मध्ये २०२०मध्ये त्यात सुरक्षेचं भगदाड सापडलं आणि साधारण वर्षभर सगळ्या सुरावटी गप्प झाल्या. भातखंडे लिपीसाठी असं काहीच नाही. कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी, एवढंच तर हवं. युनिकोडमधली वेदपाठाची स्वरचिन्हं उसनी घेऊन काम भागवता येतं, पण ती जुगाडच. ज्या विष्णु नारायण भातखंडेंनी गावोगाव हिंडून, उस्तादांची मनधरणी करून बंदिशी कागदावर उतरवल्या, त्यांची लिपी अजून यंत्राच्या दाराशी ताटकळते आहे.

भातखंडे आले की मूळ दुखणं समोर येतं. मराठी विकिपीडियाचा जन्म १ मे २००३चा, मुहूर्त महाराष्ट्र दिनाचा. त्यात रागांचे लेख आहेत, आरोह-अवरोह, वादी-संवादी, थाट, समय अशा ठरलेल्या वाटेने जाणारे. आता समजा, वीस वर्षं एका गुरूंकडे बसून शिकलेली शिष्या आसावरीचा लेख उघडते. तिच्या तालमीत ऋषभ कोमल. लेखात शुद्ध, कारण भातखंड्यांच्या थाटात तसा आहे. ती बदल करते. दुसऱ्या दिवशी तो उलटवलेला असतो आणि शेरा असतो, संदर्भ हवा. तिचा संदर्भ म्हणजे तिचे गुरू आणि गुरूंचे गुरू. ते कुठे छापलेले नाहीत. कोमल ऋषभाची आसावरी गाणारे अनेक आहेत हे पुस्तकांतही सापडतं, त्यामुळे ही शिष्या शोधाशोध करून जिंकेल. पण बागेश्रीत पंचम नेमका किती आणि कुठून लावायचा, हे सांगणारं वाक्य तिला कुठल्या पानावर मिळणार?

हा प्रश्न विकिपीडियाच्या चालकांना ठाऊक नाही असं नाही. २०११मध्ये बंगळूरचे अचल प्रभला यांनी मौखिक संदर्भांचा प्रयोग केला. भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत जाणकारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या आणि त्यांनाच तळटीप मानून लेख लिहायचे. त्यावर 'पीपल आर नॉलेज' हा माहितीपट निघाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबई विद्यापीठात देशभरातल्या विकिपीडियावाल्यांची पहिली मोठी परिषद भरली होती, तेव्हा हा विषय हवेत होता. पण नियमपुस्तकात मौखिक साक्षीला छापील पुस्तकाच्या पंक्तीला बसवलं गेलं नाही. मला दोन्ही बाजू कळतात. मुलाखत चालेल म्हटलं की उद्या प्रत्येक जण आपल्या काकांची मुलाखत घेऊन येईल. चालणार नाही म्हटलं की पुस्तकं न लिहिणाऱ्या सगळ्या परंपरा अर्ध्याच दिसत राहतील.

बायकांच्या बाबतीत ही अर्धवटता आणखी ठळक. २०१५मध्ये इंग्रजीत काही स्वयंसेवकांनी 'विमेन इन रेड' हा प्रकल्प काढला. लेख अजून नसलेलं नाव विकिपीडियात लाल दिसतं, त्यावरून हे नाव. तेव्हा चरित्रलेखांत स्त्रियांचा वाटा पंधरा टक्क्यांच्या आसपास होता, आता विसाच्या घरात आलाय. लाल नावं निळी करताना पुन्हा तीच अडचण. ज्यांच्यावर वृत्तपत्रांनी लिहिलंच नाही, त्यांच्यासाठी तळटीप आणायची कुठून? गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत फार हटवादी, आपलं गाणं तबकडीत बंद करायला नाखूश. पण १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर गेलेल्या सुवर्ण तबकडीवर त्यांची भैरवी आहे. साहजिकच जगभरच्या वृत्तपत्रांत केसरबाई म्हटलं की यान येतं. त्यांच्या आलापीविषयी, लयीशी चाललेल्या त्या झुंजीविषयी लिहायचं तर जाणकार समीक्षकांची जुनी मराठी पुस्तकं धुंडाळावी लागतात. ते काम मराठी माणसानेच करायचं आहे, इंग्रजीतला संपादक कुठून करील?

अलीकडे या शाळेपुढे उलटाच पेच उभा आहे. यंत्राने लिहिलेले लेख येतात, आणि त्यांना संदर्भ असतात. भरपूर असतात. पुस्तकाचं नाव, पृष्ठ क्रमांक, सगळं नीटनेटकं, फक्त ते पुस्तक जगात नसतं. २०२५च्या ऑगस्टमध्ये इंग्रजी विकिपीडियाने असे न तपासलेले यंत्रलेख तडकाफडकी उडवण्याचा नियम केला. वीस वर्षं 'संदर्भ हवा' म्हणून ओरडणाऱ्यांना आता 'संदर्भ खरा हवा' म्हणावं लागतंय. त्यासाठी पुन्हा कुणीतरी ग्रंथालयात जाऊन कपाटातून पुस्तक काढून बघायला हवं.

आणि काही दारं उघडतही आहेत. अमेरिकेच्या २०१८च्या कायद्यामुळे १९२३पूर्वीची सगळी ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२२ला एकदम मुक्त झाली. भारतात तर प्रकाशनानंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. विकिपीडियाचं चित्र-ध्वनींचं सामायिक कोठार दोन्हीकडचा कायदा पाळतं, म्हणून अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३४च्या तबकडीला २०३५च्या १ जानेवारीपर्यंत थांबावं लागेल. पण त्यांच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तबकड्या आता चढवता येतात. फ्रेड गेसबर्गने १९०२च्या नोव्हेंबरात कोलकात्यात मुद्रित केलेलं गौहरजानचं गाणंही चढवता येतं. तीन मिनिटांच्या आत ती अख्खा ख्याल गुंडाळते, आणि तबकडी संपता संपता खणखणीत इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. तबकड्या घडायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला कळावं की हे गाणं कुणाचं, लेबलावर नाव कुणाचं छापायचं.